उपकरण-चालक आज्ञावलींचे जतन आणि अद्ययावतीकरण : एक ऐतिहासिक मागोवा (१९८१ ते २०२४)

बीजसंज्ञा : ड्रायव्हर, बॅकअप, अद्ययावतीकरण, डिजिटल स्वाक्षरी, ऑपरेटिंग सिस्टीम, मालकी

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासाचा विचार सामान्यतः यंत्रांच्या पिढ्या, प्रोसेसरचा वेग आणि ऑपरेटिंग सिस्टीमच्या आवृत्त्या यांच्या आधारे केला जातो. या दोहोंच्या मध्ये उभी असलेली उपकरण-चालक आज्ञावली, म्हणजेच रूढ भाषेतील ‘ड्रायव्हर’, मात्र या इतिहासात क्वचितच आढळते. प्रिंटर, स्कॅनर, ध्वनिकार्ड, नेटवर्क कार्ड यांपैकी कोणतेही उपकरण ऑपरेटिंग सिस्टीमला थेट समजत नाही. उपकरणाची भाषा सिस्टीमला आणि सिस्टीमची आज्ञा उपकरणाला समजावून सांगण्याचे काम ड्रायव्हर करतो. तो नसेल तर सुस्थितीतील यंत्रही निकामी ठरते, आणि तो सदोष असेल तर केवळ ते उपकरणच नव्हे, तर संपूर्ण संगणक बंद पडतो.

प्रस्तुत निबंधात ड्रायव्हरच्या तांत्रिक रचनेपेक्षा दोन प्रश्नांना अधिक महत्त्व दिले आहे. जुना ड्रायव्हर जपून ठेवण्याची जबाबदारी कोणाची, आणि नवा ड्रायव्हर केव्हा बसवावा हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? गेल्या चार दशकांत या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बदलत गेली. विवेचन मुख्यतः आयबीएम पीसी आणि त्यावरील मायक्रोसॉफ्टच्या प्रणालींपुरते मर्यादित आहे, कारण भारतातील बहुसंख्य कार्यालयांचा आणि महाविद्यालयांचा संबंध याच परंपरेशी आला.

फ्लॉपीचा काळ

उपकरणांशी संबंधित भाग उर्वरित प्रणालीपासून वेगळा ठेवण्याची कल्पना पीसीपेक्षा जुनी आहे. १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी विकसित केलेल्या युनिक्समध्ये उपकरणाला फाइलसारखेच नाव दिले जाई. १९७० च्या दशकात गॅरी किल्डॉल यांनी सीपी/एम या प्रणालीत यंत्रसापेक्ष भागाची स्वतंत्र फळी केली आणि तिला ‘बायोस’ हे नाव दिले. तथापि ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम पीसी बाजारात आला तेव्हा त्याच्या डॉसमध्ये बाहेरून नवा ड्रायव्हर जोडण्याची सोय नव्हती. ती १९८३ मधील एमएस-डॉस २.० मध्ये आली. ‘कॉन्फिग.सिस’ नावाच्या साध्या मजकूर-फाइलमध्ये ‘डिव्हाइस’ या शब्दाने सुरू होणारी एक ओळ लिहिली, की संगणक सुरू होताना तो ड्रायव्हर स्मृतीत दाखल होई.

या व्यवस्थेत जतनाचा प्रश्न फारच सोपा होता. ड्रायव्हर म्हणजे बहुधा एकच फाइल, आणि तिची नोंद म्हणजे एक ओळ. ‘कॉन्फिग.सिस’ आणि ‘ऑटोएक्झेक.बॅट’ या दोन फाइली ड्रायव्हरसह एका फ्लॉपीवर उतरवून घेतल्या, की बॅकअप पूर्ण झाला. चुकीच्या ओळीमुळे संगणक सुरूच होईनासा झाला तर ती फ्लॉपीच उपयोगी पडे. १९९३ मधील एमएस-डॉस ६.० मध्ये सुरुवातीच्या वेळी एफ-५ किंवा एफ-८ ही कळ दाबून या फाइली वगळण्याची सोय झाली. एखादा ड्रायव्हर संपूर्ण यंत्र अडवून धरू शकतो, ही गोष्ट प्रणालीच्या रचनेतच मान्य केली गेल्याचे हे आरंभीचे उदाहरण मानता येईल.

छपाईची स्थिती मात्र निराळी होती. डॉसमध्ये प्रत्येक आज्ञावली स्वतःचे प्रिंटर-ड्रायव्हर बाळगी. वर्डपरफेक्टची लोकप्रियता वाढण्यामागे त्या आज्ञावलीसोबत येणारा प्रिंटर-ड्रायव्हरांचा मोठा संच हे एक महत्त्वाचे कारण होते. १९९० मधील विंडोज ३.० आणि १९९२ मधील विंडोज ३.१ यांनी हे काम प्रणालीकडे घेतले. प्रिंटरचा एकच ड्रायव्हर सर्व आज्ञावलींना चालू लागला, आणि त्याचबरोबर त्यातील दोषही सर्वांच्या वाट्याला आले.

महाराष्ट्राच्या संदर्भात या काळातील एक बाब नोंदविणे आवश्यक आहे. पडद्यावर देवनागरी उमटणे ही त्या वेळी प्रणालीची अंगभूत क्षमता नव्हती. आयआयटी कानपूर येथील संशोधनातून निर्माण झालेले आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान संगणकाच्या आतील खाचेत बसवावयाच्या कार्डाच्या रूपाने उपलब्ध झाले. म्हणजे मराठी अक्षर हे काही काळ अक्षरशः एका उपकरणावर अवलंबून होते. पुढे विंडोजवर अक्षरजुळणी करणाऱ्या अनेक देवनागरी आज्ञावली ‘हार्डवेअर लॉक’ घेऊन आल्या. प्रिंटरच्या पोर्टला लावावयाच्या या लहानशा लॉकलाही स्वतःचा ड्रायव्हर लागे. विंडोजची आवृत्ती बदलली आणि लॉकचा ड्रायव्हर तिच्यावर चालेनासा झाला, की रीतसर विकत घेतलेली आज्ञावली उघडत नसे. त्या आज्ञावलीच्या स्वतंत्र संकेतांकनात जुळविलेली पुस्तके आणि अंक मग सीडीवर सुरक्षित असूनही वाचता येत नसत. ड्रायव्हरचे जतन हा केवळ यंत्राचा प्रश्न नाही, तो मजकुराच्या जतनाचाही आहे, हे येथे स्पष्ट होते.

‘प्लग अँड प्ले’ आणि ड्रायव्हरचे विखुरणे

२४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ ने ‘प्लग अँड प्ले’ ही संकल्पना सर्वसामान्य वापरकर्त्यापर्यंत पोहोचविली. प्रत्येक उपकरण स्वतःचा विक्रेता क्रमांक आणि उपकरण क्रमांक प्रणालीला सांगते, आणि प्रणाली त्या क्रमांकाशी जुळणारी ‘आयएनएफ’ फाइल शोधून ड्रायव्हर बसविते. (पीसीआय पद्धतीत इंटेल कंपनीचा विक्रेता क्रमांक ८०८६ हा आहे. तिच्या प्रसिद्ध प्रोसेसरचे नाव असे चिरंजीव झाले आहे.)

ही सोय मोठी होती, परंतु तिची किंमत जतनाच्या बाजूने मोजावी लागली. ड्रायव्हर आता एक फाइल राहिला नाही. त्याचा मुख्य भाग एका फोल्डरमध्ये, ‘आयएनएफ’ दुसऱ्यात, साहाय्यक फाइली तिसऱ्यात आणि नोंदी ‘रजिस्ट्री’त, अशी त्याची विभागणी झाली. वापरकर्त्याने मुख्य फाइल जपून ठेवली तरी उपकरण पुन्हा चालू करण्यास ती पुरेशी नसे. याच उणिवेतून ड्रायव्हर बॅकअपच्या स्वतंत्र आज्ञावलींचा उदय झाला. त्या ‘आयएनएफ’ वाचून तिच्यात उल्लेखिलेल्या सर्व फाइली शोधत आणि एका फोल्डरमध्ये गोळा करीत. कंपनीने ‘आयएनएफ’ नीट लिहिली असेल तरच हा संग्रह पूर्ण होई. उत्पादकाच्या ‘सेटअप’ने आणखी काही परस्पर बसविले असेल तर ते सुटून जाई.

याच काळातील काही चक्रव्यूह आज विनोदी वाटतात, परंतु प्रयोगशाळा चालविणाऱ्यांसाठी ते तसे नव्हते. डॉसमध्ये सीडी-ड्राइव्ह चालण्यास ड्रायव्हर आवश्यक, म्हणून तो सीडीवर देऊन उपयोग नाही. तो फ्लॉपीवरच द्यावा लागे. पुढे इंटरनेट आल्यावर नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर इंटरनेटवरून घ्यावयाचा, आणि कार्ड चालल्याशिवाय इंटरनेट नाही. विंडोज एक्सपी नव्या प्रकारच्या सॅटा हार्ड डिस्कवर बसविताना एफ-६ कळ दाबून ड्रायव्हरची फ्लॉपी घालावी लागे, आणि तोवर अनेक नव्या संगणकांतून फ्लॉपी ड्राइव्हच नाहीशी झाली होती.

२० एप्रिल १९९८ रोजी शिकागो येथील कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या उपस्थितीत विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक सुरू असताना त्यांचे सहकारी ख्रिस कापोसेला यांनी स्कॅनर जोडला आणि पडद्यावर निळी चौकट अवतरली. त्यानंतर दोनच महिन्यांनी ही प्रणाली बाजारात आली. तिच्यासोबत ‘विंडोज अपडेट’ ही सेवाही आली. ड्रायव्हरच्या इतिहासात ती फजितीपेक्षा ही सेवा अधिक महत्त्वाची आहे. आतापर्यंत नवा ड्रायव्हर म्हणजे उपकरण-उत्पादकाकडून मिळवावयाची वस्तू होती. आता प्रणालीचा निर्माता तिचा वितरक झाला.

मागे परतण्याची सोय

ऑक्टोबर २००१ मधील विंडोज एक्सपीने ‘रोल बॅक ड्रायव्हर’ ही कळ उपलब्ध करून दिली. नवा ड्रायव्हर बसविताना जुन्याची प्रत प्रणाली स्वतःच एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवी, आणि नवा त्रासदायक ठरल्यास वापरकर्ता मागील आवृत्तीकडे परतू शके. जतनाचे काम प्रथमच प्रणालीने अंगावर घेतले. परंतु मर्यादा मोठ्या होत्या. प्रत केवळ एका मागील आवृत्तीची ठेवली जाई, आणि प्रिंटरला ही सोय लागू नव्हती. शिवाय हार्ड डिस्क नव्याने फॉरमॅट केली की ही प्रतही नष्ट होई. ज्या प्रसंगी बॅकअपची खरी गरज भासते, नेमक्या त्याच प्रसंगी तो हाताशी नसे.

या सोयीची आवश्यकता का भासली, याचे उत्तर तत्कालीन संशोधनात मिळते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील अँडी चाऊ, डॉसन एंगलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये लिनक्सच्या गाभ्याचा अभ्यास केला. ड्रायव्हरमधील दोषांचे प्रमाण गाभ्याच्या इतर भागांच्या तुलनेत तीन ते सात पट असल्याचे त्यात आढळले. २००३ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील मायकेल स्विफ्ट, ब्रायन बर्शाड आणि हेन्री लेव्ही यांनी आपल्या शोधनिबंधात नमूद केले, की विंडोज एक्सपीच्या नोंदल्या गेलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के बिघाड ड्रायव्हरमुळे होतात. कारण रचनेतच होते. ड्रायव्हर हा प्रणालीच्या गाभ्यात, सर्वाधिकारांसह चालतो. परंतु तो लिहिणारे मात्र गाभा लिहिणारे नसतात. शेकडो कंपन्यांचे हजारो लेखक, आणि त्यांना मिळालेला अधिकार एकसमान, ही स्थिती कोणत्याही व्यवस्थेत अवघडच ठरावी.

यावर योजलेला उपाय म्हणजे डिजिटल स्वाक्षरी. विंडोज २००० पासून स्वाक्षरी नसलेल्या ड्रायव्हरबाबत सूचना देण्याची सोय होती, परंतु ‘तरीही पुढे जा’ हा पर्याय वापरकर्त्यापुढे असे आणि तो सर्रास निवडला जाई. अनेक उत्पादकांच्या माहितीपत्रकांतच तो निवडण्याची सूचना छापलेली असे, यावरून त्या सूचनेला किती मान होता हे कळते.

व्हिस्टाचा धडा

३० जानेवारी २००७ रोजी सर्वसामान्यांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टाने चित्र आणि ध्वनी या दोन्हींच्या ड्रायव्हरची रचना बदलली. परिणामी एक्सपीवर व्यवस्थित चालणारी असंख्य उपकरणे व्हिस्टावर मुकी झाली. ‘व्हिस्टा कॅपेबल’ या चिठ्ठीवरून अमेरिकेत दाखल झालेल्या दाव्यामुळे २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचा अंतर्गत पत्रव्यवहार उघड झाला. कंपनीच्या संचालक मंडळातील जॉन शर्ली यांना आपल्या घरातील उपकरणांसाठीही ड्रायव्हर मिळत नव्हते, असे त्यात दिसते. त्याच कागदपत्रांनुसार २००७ मध्ये नोंदविलेल्या व्हिस्टाच्या बिघाडांपैकी सुमारे २९ टक्के बिघाड एनव्हिडिया या एकाच कंपनीच्या ड्रायव्हरशी संबंधित होते. ज्या प्रणालीला लोकांनी नावे ठेवली, तिच्या अपयशाचा मोठा वाटा प्रणालीबाहेरच्या आज्ञावलींचा होता. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना पुरेसा अवधी मिळाला नाही, हे खरे असले तरी तो मिळवून देण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न उरतोच.

तरीही जतनाच्या दृष्टीने व्हिस्टाचे योगदान एक्सपीपेक्षा मोलाचे आहे, असे म्हणावे लागते. व्हिस्टामध्ये ‘ड्रायव्हर स्टोअर’ ही व्यवस्था आली. ड्रायव्हर बसविण्यापूर्वी त्याचा संपूर्ण संच, म्हणजे मुख्य फाइल, ‘आयएनएफ’ आणि स्वाक्षरीचा ‘कॅटलॉग’, एका सुरक्षित फोल्डरमध्ये जसाच्या तसा उतरवून घेतला जातो. ६४-बिट आवृत्तीत गाभ्यातील ड्रायव्हरला स्वाक्षरी सक्तीची झाली. स्वाक्षरी तपासावयाची तर संच अखंड हवा; एखादी फाइल बदलली वा गळाली तर स्वाक्षरी जुळत नाही. सुरक्षिततेसाठी घातलेल्या या अटीमुळे बॅकअप आपोआप विश्वासार्ह झाला. विखुरलेल्या फाइली गोळा करण्याऐवजी अखंड संच उचलणे आता शक्य झाले. पुढे विंडोज ८.१ आणि विंडोज १० मध्ये ‘डिस्म’ आणि ‘पीएनपीयुटिल’ या प्रणालीतीलच साधनांना, बाहेरून बसविलेले सर्व ड्रायव्हर एकाच आज्ञेने दुसऱ्या फोल्डरमध्ये काढून देण्याची क्षमता प्राप्त झाली. त्यासाठी वेगळी आज्ञावली विकत घेण्याची आवश्यकता उरली नाही. तशा आज्ञावलींची जाहिरात मात्र थांबलेली नाही.

स्वाक्षरी म्हणजे निर्दोषतेची हमी नव्हे, हेही लवकरच दिसून आले. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या विध्वंसक आज्ञावलीचे ड्रायव्हर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या कंपन्यांच्या चोरलेल्या प्रमाणपत्रांनी स्वाक्षरित होते.

अद्ययावतीकरण : सेवा की सक्ती?

२०१४ च्या ऑक्टोबरमध्ये घडलेले प्रकरण या संदर्भात मुळातून पाहण्यासारखे आहे. स्कॉटलंडमधील एफटीडीआय ही कंपनी यूएसबी आणि सिरियल पोर्ट यांना जोडणारी चिप बनविते. प्रयोगशाळेतील मापनयंत्रे आणि विद्यार्थ्यांचे इलेक्ट्रॉनिक प्रकल्प यांत ती सर्वत्र आढळते, आणि तिच्या नकलाही तितक्याच प्रमाणात आढळतात. कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटद्वारे वितरित झाला. त्याने नकली चिप ओळखून तिच्यातील उपकरण क्रमांक शून्य करून टाकला. तो क्रमांक चिपमध्येच साठविलेला असल्यामुळे ती अन्य संगणकावरही ओळखली जाईना. येथे जुना ड्रायव्हर जपून ठेवलेला असला तरी तो परत बसवून भागत नव्हते, कारण बदल संगणकात नव्हे तर उपकरणात झाला होता. टीका झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला.

नकलेमुळे कंपनीचे नुकसान होत होते, हे नाकारता येत नाही. परंतु शिक्षा झाली ती नकल करणाऱ्याला नव्हे, तर आपल्या यंत्रात कोणती चिप आहे हे ठाऊक नसलेल्या ग्राहकाला. आणि ती पोहोचविण्याचे साधन ठरली ती लोकांनी विश्वासाने चालू ठेवलेली सेवा. २०१६ मध्ये कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने नकली चिपकडून येणाऱ्या माहितीच्या जागी ‘उपकरण अस्सल नाही’ अशा आशयाचा इंग्रजी मजकूर पाठविण्याचा मार्ग पत्करला.

जुलै २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० ने अद्ययावतीकरण हा स्वयंचलित नियम केला. आरंभीच्या दिवसांतच नको असलेला ड्रायव्हर पुनःपुन्हा बसविला जात असल्याच्या तक्रारी आल्या, आणि तो लपविण्यासाठी मायक्रोसॉफ्टला एक स्वतंत्र साधन द्यावे लागले. एक्सपीने दिलेली मागे परतण्याची कळ अजूनही होती, परंतु परतून आलेल्यास प्रणाली पुन्हा पुढे नेत होती.

या प्रवासाचे टोक १९ जुलै २०२४ रोजी दिसले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीचा ड्रायव्हर गाभ्यात चालणारा आणि रीतसर स्वाक्षरित होता. भारतीय प्रमाणवेळेनुसार सकाळी ९.३९ वाजता त्याच्यासाठी पाठविलेल्या माहिती-फाइलीत २१ रकाने अपेक्षित होते, तर आज्ञावली २० च पुरवीत होती. एकविसावा वाचण्याच्या प्रयत्नात ड्रायव्हर कोसळला आणि त्याच्यासोबत संगणकही. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक बंद पडले. ही फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, परंतु बंद पडलेल्या यंत्रापर्यंत ती सुधारणा पोहोचणार कशी? प्रत्येक संगणकासमोर माणूस बसवून, ‘सेफ मोड’मध्ये जाऊन ती फाइल काढावी लागली. भारतातील विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. एमएस-डॉस ६.० मधील एफ-८ कळीमागे जी कल्पना होती, तीच एकतीस वर्षांनी पुन्हा उपयोगी पडली. मात्र ड्रायव्हर स्वाक्षरित असला तरी त्याने वाचावयाच्या फाइलीची पूर्ण तपासणी स्वाक्षरीच्या व्यवस्थेत बसत नव्हती.

जुन्या ड्रायव्हरचे नष्ट होणे

अद्ययावतीकरणाची चर्चा नेहमी नव्याविषयी होते. जुन्याचे काय झाले हे क्वचित विचारले जाते. २०१९ मध्ये इंटेलने आपल्या संकेतस्थळावरून १९९० आणि २००० च्या दशकांतील अनेक मदरबोर्डांचे ड्रायव्हर आणि बायोस काढून टाकले. व्यापारी दृष्टीने त्यात गैर काही नाही. परंतु ती यंत्रे ज्यांच्याकडे चालू अवस्थेत होती, त्यांच्यासाठी पुढील फॉरमॅट हे शेवटचे ठरण्याचा संभव निर्माण झाला. अशा वेळी उपयोगी पडली ती खासगी व्यक्तींनी जपलेली संग्रहस्थाने. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनेट आर्काइव्हवर आज मदरबोर्ड आणि प्रिंटरसोबत येणाऱ्या सीडींच्या प्रती मोठ्या संख्येने आढळतात. स्कॅनरच्या बाबतीत लिनक्सवरील ‘सेन’ आणि १९९८ पासून विकली जाणारी ‘व्ह्यूस्कॅन’ यांनी उत्पादकांनी सोडून दिलेली शेकडो उपकरणे चालती ठेवली आहेत. लिनक्सचा मार्ग मुळातच वेगळा आहे. तेथे बहुतेक ड्रायव्हर गाभ्याच्या उगम-संहितेसोबतच राहतात आणि गाभा बदलला की त्यांचीही दुरुस्ती होते. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना झेरॉक्स लेझर प्रिंटरच्या आज्ञावलीची संहिता मिळू शकली नाही, आणि तो अनुभव १९८३ मधील जीएनयू प्रकल्पामागील एक प्रेरणा ठरला, हे या संदर्भात सहज आठवते.

सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने प्रिंटर-उत्पादकांचे स्वतंत्र ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून टप्प्याटप्प्याने बंद करण्याची घोषणा केली. २०२१ मध्ये छपाई-सेवेतील ‘प्रिंटनाइटमेअर’ या त्रुटीने जो धोका दाखवून दिला होता, तो पाहता या निर्णयाला कारण आहे. नवे प्रिंटर एका सामाईक पद्धतीने, स्वतंत्र ड्रायव्हरविना चालतील. जुन्या प्रिंटरांचे ड्रायव्हर उत्पादकाच्या स्वतःच्या संचातून बसविता येतील, अर्थात तो संच कोणीतरी जपून ठेवला असेल तर. महाविद्यालयांच्या जडसंग्रह नोंदवहीत प्रिंटर, स्कॅनर आणि मापनयंत्र यांची किंमत, तारीख आणि क्रमांकासह नोंद होते. त्यांच्या खोक्यातून आलेल्या सीडीची सहसा होत नाही.